रद्दीतील लोकशाही : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निवडणुकांचे छापील कागद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. जुनी नाणी, पोथ्या किंवा टपालाची तिकिटे जमविणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. परंतु परक्या देशात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या निवडणुकांची हस्तपत्रके, मताच्या चिठ्ठ्या आणि फिती जमवून करावयाचे काय, हा प्रश्न कोणासही पडावा. आमच्या घरातही तो पडला होता. आणि दिवाळीच्या साफसफाईत तो दरवर्षी नव्याने पडतो. म्हणून या कागदांत आम्हांस काय दिसते, ते आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

निवडणुकीचा कागद हा निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी रद्दी होतो. तो जपून ठेवण्यासाठी छापलेलाच नसतो. ग्रंथकार इतिहास लिहितो तेव्हा कोण जिंकला, कोण हरला, हे त्यास ठाऊक असते आणि त्या ज्ञानाचा रंग त्याच्या वाक्यावाक्यास चढतो. हस्तपत्रकास मात्र उद्याचे काहीच ठाऊक नसते. ते आशेने, रागाने, क्वचित लबाडीने, पण आजच्यापुरते बोलते. त्याचा खोटेपणासुद्धा त्या काळाचा अस्सल खोटेपणा असतो, आणि संग्राहकास त्याचेच मोल आहे.

या संग्रहातील सर्वांत साधा आणि आमच्या मते सर्वांत बोलका कागद म्हणजे पक्षाचे ‘तिकीट’. आपल्याकडे अमक्यास तिकीट मिळाले, तमक्यास नाकारले, असे आपण नेहमी बोलतो. परंतु अमेरिकेत हे तिकीट एके काळी खरोखरीचे कागदी तिकीट होते. एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात तेथे सरकार मतपत्रिका छापीतच नसे. मतदाराने आपली चिठ्ठी आपणच आणावयाची. प्रारंभी ती हाताने लिहीत. पुढे उमेदवारांची नावे वाढत गेली तेव्हा पक्षांनी ती छापून देण्यास आरंभ केला. १८३०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने छापील चिठ्ठीही ग्राह्य धरली, आणि त्यानंतर छापखान्यांस हा एक मोठाच धंदा झाला. केंटकीसारख्या राज्यात तर चिठ्ठीही नव्हती. मतदाराने अधिकाऱ्यापुढे उभे राहून तोंडाने नाव घ्यावयाचे, ही चाल तेथे १८९१पर्यंत टिकली.

आमच्यापाशी ओहायओ राज्यातील १८६४चे एक तिकीट आहे. बोटभर रुंदीचा, वीतभर लांबीचा कागद. वर युनियन पक्षाचे नाव, खाली अध्यक्षपदासाठी अब्राहम लिंकन आणि उपाध्यक्षपदासाठी अँड्र्यू जॉन्सन, आणि त्याखाली एकवीस अनोळखी माणसांची नावे. हे एकवीस जण म्हणजे निर्वाचक. अमेरिकेतील मतदार अध्यक्षास थेट निवडीत नाही; तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो आणि ते अध्यक्षास मत देतात. पाठ्यपुस्तकात चार पाने वाचूनही ही गोष्ट नीट ध्यानात येत नाही, ती या चिंचोळ्या कागदावर एका दृष्टिक्षेपात कळते.

आता यातील गोम पाहा. प्रत्येक पक्ष आपले तिकीट निराळ्या रंगाच्या कागदावर किंवा पाठीमागे ठळक नक्षी घालून छापी. मतदार ते हातात घेऊन मतपेटीकडे जाऊ लागला की पक्षाचा माणूस दुरूनच ओळखी, हा आपला की परका. मालक नोकरास ओळखी, सावकार कुळास ओळखी, आणि ज्याने मतासाठी पैसे मोजले असतील तो आपला माल पोचल्याची खात्री करून घेई. मत देण्याचा हक्क कायद्याने दिला आणि तो गुप्तपणे बजावण्याची सोय मात्र कागदाच्या रंगाने काढून घेतली! कित्येक राज्यांनी मग कायदे केले की तिकिटे पांढऱ्याच कागदावर छापावी. त्यावर पक्षांनी पांढऱ्या रंगाच्याच निरनिराळ्या छटा शोधल्या.

एखाद्या मतदारास आपल्या पक्षाचा एखादा उमेदवार मान्य नसला तर तो त्याचे नाव खोडून दुसरे लिही, अथवा डिंक लावलेली छोटी छापील चिठ्ठी त्या नावावर चिकटवी. अशा चिठ्ठ्या बंडखोर उमेदवार थैल्या भरभरून वाटीत. त्यास उपाय म्हणून १८७१ साली कॅलिफोर्नियात व्हायेहो येथे जे तिकीट छापले गेले, ते पाहून हसावे की रडावे कळत नाही. ते इतके अरुंद आणि त्यावरील अक्षर इतके सूक्ष्म होते की नाव खोडून दुसरे लिहिण्यास तसूभरही जागा राहू नये. लोकांनी त्यास ‘पट्टकृमी’ असे नाव ठेवले. आज ते संग्राहकांच्या विशेष लोभाचे आहे.

या तिकिटांविषयी एक गोष्ट आम्हांस नेहमी विचारात पाडते. जे तिकीट मतपेटीत पडले ते मोजणीनंतर यथाकाल नष्ट झाले. जी आपल्या हाती येतात ती बहुधा पेटीत न पडलेली असतात; कोणाच्या खिशात राहिलेली, पुस्तकात खूण म्हणून घातलेली, छापखान्याच्या कोपऱ्यात गठ्ठ्याने उरलेली. संग्राहकाच्या हाती जे येते ते न दिलेले मत होय. आणि याच्याही पुढची गोष्ट अशी की, १८६०च्या निवडणुकीत दक्षिणेतील दहा राज्यांत लिंकनच्या नावाची तिकिटेच वाटली गेली नाहीत. तिकीट पक्षाने पुरवावयाचे, आणि तेथे त्याच्या पक्षाचे नाव घेण्यासही कोणी धजावेना. त्या राज्यांत लिंकनला मत देण्याची इच्छा असलेल्या माणसास ते देण्याचे साधनच नव्हते. त्या दहा राज्यांची जागा आमच्या वहीत कोरी आहे, आणि कोणत्याही किंमतीस ती भरून निघावयाची नाही.

तिकिटाकडून आपण पत्रकाकडे वळू. १८२८ साली अँड्र्यू जॅक्सन उभा राहिला तेव्हा फिलाडेल्फियाचा मुद्रक जॉन बिन्स याने त्याच्याविरुद्ध एक पत्रक काढले. जॅक्सन सेनापती असताना १८१५ साली सहा शिपायांना त्याच्या हुकमाने गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्या सहा जणांच्या सहा काळ्याभोर शवपेट्या पत्रकाच्या माथ्यावर ओळीने छापल्या होत्या. ज्यास अक्षर येत नाही त्यासही अर्थ कळावा, अशी ही योजना. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि शवपेट्यांची संख्याही वाढत गेली. जॅक्सन मात्र निवडून आला.

परंतु प्रचाराचा खरा पूर आला तो १८४० साली. व्हिग पक्षाचा उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन हा वृद्ध सेनापती. बाल्टिमोरच्या एका विरोधी पत्राने त्याची थट्टा केली की, या म्हाताऱ्यास सफरचंदाच्या कडक मद्याचे एक पिंप आणि थोडे निवृत्तिवेतन द्या, म्हणजे तो आपल्या लाकडी झोपडीत स्वस्थ बसेल. व्हिगांनी ही थट्टा अलगद झेलली. झोपडी आणि पिंप हीच त्यांनी आपली निशाणी केली. पत्रकांवर झोपडी, रेशमी फितींवर झोपडी, गाण्यांच्या चोपड्यांवर झोपडी, बशांवरही झोपडी. होरेस ग्रीली याने याच नावाचे साप्ताहिक काढले आणि त्याचा खप ऐंशी हजारांच्या घरात गेला. वस्तुस्थिती अशी की, हॅरिसनचा जन्म व्हर्जिनियातील एका मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात झालेला. त्याचे वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. उलट ज्यास ऐषारामी म्हणून हिणविले तो मार्टिन व्हॅन ब्यूरेन खानावळवाल्याचा मुलगा! शेकडा ऐंशी मतदारांनी त्या वर्षी मत दिले आणि हॅरिसन निवडून आला. ४ मार्च १८४१ रोजी त्याने शपथ घेतली आणि ४ एप्रिल रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या रेशमी फिती मात्र अद्याप मिळतात. केवळ घडीवर रेशीम विरते, म्हणून त्या कधीही दुमडू नयेत.

चित्रांच्या धंद्यात नॅथॅनिएल करियर याचे नाव प्रथम घेतले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये त्याचा शिळाछापाचा कारखाना होता. १८५७पासून जेम्स आइव्ह्ज हा भागीदार झाला. अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जोडचित्रे, वर गरुड, मध्ये झेंडे, खाली नांगर किंवा जहाज, अशी त्यांनी प्रत्येक निवडणुकीत काढली, आणि ती सर्व पक्षांची काढली. एकाच दगडावर गरुड व झेंडे कायम ठेवून चेहरे बदलले की काम भागे. धंद्यास धर्म नसतो, असे म्हणावयाचा मोह होतो. पण त्याहून आमचे लक्ष वेधते ते निराळेच. ही चित्रे काळ्या शाईत छापून मग हाताने रंगवीत. एका लांब मेजाभोवती तरुण स्त्रिया बसत, त्यांत बऱ्याच जर्मन घरांतील असत, आणि प्रत्येकीने एकच रंग लावून चित्र पुढे सरकवावयाचे. उमेदवारांच्या गालांवर लाली चढविणाऱ्या या मुलींना मताचा हक्क नव्हता. १८७२ साली रॉचेस्टर येथे सुझन अँथनी यांनी मत दिले तेव्हा त्यांना पकडून शंभर डॉलर दंड ठोठावण्यात आला. त्यांनी तो कधीही भरला नाही. देशभरच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९२० साली.

लिंकनचा विषय निघाला की संग्राहकास आवर घालणे कठीण जाते, तरी तीन गोष्टी सांगतो. पहिली, १८६०च्या आरंभी हा मनुष्य इतका अप्रसिद्ध होता की कित्येक पत्रकांवर त्याचे नाव ‘अब्राम’ असे चुकीचे छापलेले आढळते. दुसरी, त्या वर्षाच्या प्रचारचित्रांत त्यास दाढी नाही. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने वडिलांनी आणलेले त्याचे प्रचाराचे चित्र पाहिले आणि १५ ऑक्टोबर १८६० रोजी त्यास पत्र लिहिले की, आपला चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवावी. लिंकनने तिला चार दिवसांत उत्तर पाठविले, आणि निवडून आल्यावर खरोखरच दाढी राखली. मुद्रकांची मात्र धांदल उडाली. कित्येकांनी जुन्याच ठशांवर अंदाजाने दाढी कोरून चढविली. तिसरी गोष्ट, स्टीफन डग्लसबरोबर १८५८ साली झालेल्या वादसभांची वृत्तपत्रांतील कात्रणे लिंकनने स्वतः एका वहीत चिकटवून ठेविली होती. त्या कात्रणवहीवरून ओहायओतील कोलंबस येथे १८६० साली पुस्तक छापले गेले आणि प्रचारात ते फार उपयोगी पडले. ती वही आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. आमच्या छंदास ज्यांनी घरात नावे ठेविली त्यांना आम्ही हे उदाहरण देतो.

लिंकनच्या निधनानंतरचे एक चित्र निवडणुकीचे नव्हे, तरी त्याचा उल्लेख केल्याविना राहवत नाही. भव्य पोशाखात मेजाजवळ उभा असलेला लिंकन. अनेक वर्षे लोकांनी ते भिंतीवर लावले. पुढे चित्रांचे अभ्यासक स्टीफन लोरांट यांच्या लक्षात आले की त्यात लिंकनच्या गालावरील तीळ भलत्याच बाजूस आहे. शोध घेता कळले की, शरीर जॉन कॅल्हून याच्या जुन्या चित्राचे आहे आणि त्यावर लिंकनचे मस्तक उलटे बसविले आहे. कॅल्हून कोण? गुलामगिरीचा कट्टर समर्थक! मेजावरील कागदांत पूर्वी राज्यांच्या सार्वभौमत्वाचा उल्लेख होता. तेथे मुद्रकाने स्वातंत्र्याच्या घोषणेचा उल्लेख घातला.

येथे आपल्या मातीशी जुळणारा एक धागा आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गुलामांस दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व निरपेक्षता दाखविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस ते अर्पण केले. आमच्याकडील १८६४चे तिकीट ज्या लोकांच्या हाती फिरले त्यांनाच ती अर्पणपत्रिका उद्देशून होती. पुण्यातील एका लेखकाने ज्यांना नमस्कार केला त्यांच्या मताचा कागद हातात धरताना तो परक्या देशाचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

परंतु अर्पणपत्रिकेनंतर काय झाले, तेही याच कागदांत आहे. युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला. त्याच्या आधी १८६६ साली पेनसिल्व्हेनियात आणि १८६८ साली अध्यक्षीय निवडणुकीत जी पत्रके व फिती निघाल्या त्यांतील काही इतक्या हीन आहेत की त्यांचा मजकूर या सभेत वाचून दाखविणे आम्ही उचित समजत नाही. हे राज्य गोऱ्यांचे आहे, अशा अर्थाची घोषणा उघडपणे पक्षाची घोषणा म्हणून छापली जात होती. १८७८ साली दक्षिण कॅरोलायनात पातळ, झिरझिरीत कागदावर छोटी तिकिटे छापण्यात आली. एका जाड तिकिटाच्या घडीत अशी अनेक पातळ तिकिटे दडवावयाची आणि पेटीत टाकताना ती सुटी करावयाची. मग मतदारांपेक्षा मते जास्त भरत. आणि जास्त झालेली मते काढून टाकण्याच्या मिषाने विरुद्ध पक्षाची जाड तिकिटे वेचून फेकीत. १८८२ साली त्याच राज्याने प्रत्येक पदासाठी निराळी मतपेटी ठेवण्याचा कायदा केला; ज्यास पेटीवरील अक्षर वाचता येत नाही त्याचे मत भलत्या पेटीत पडून बाद व्हावे, हा त्यातील हेतू.

असले कागद संग्रहात ठेवावे काय, असा प्रश्न आम्हांस एका वडीलधाऱ्या स्नेह्याने विचारला. त्यांचे म्हणणे असे की, विष जपून ठेवणाऱ्यावर विषाची जबाबदारी येते. या म्हणण्यास वजन आहे, आणि शोभेसाठी भिंतीवर टांगणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. तथापि आम्ही ते कागद ठेविले आहेत. ते निराळ्या पाकिटात असतात आणि पाहुण्यास दाखविण्यापूर्वी आम्ही दोन शब्द बोलतो. ज्यांची मते चोरली गेली त्यांच्यापाशी आपली तक्रार छापण्यास छापखाने थोडे होते. चोरीचा पुरावा चोराच्याच छापखान्यातून निघाला. तो फाडून टाकला तर अशी चोरी कधी झालीच नव्हती असे म्हणणाऱ्यांचेच फावेल.

गुप्त मतदानाची पद्धत ऑस्ट्रेलियातून आली. व्हिक्टोरिया प्रांतात ती १८५६ साली सुरू झाली. मॅसॅच्युसेट्सने १८८८ साली तसा कायदा केला आणि १८९२च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत बहुतेक राज्यांनी तो उचलला. सरकारने छापलेली, सर्व नावे एकत्र असलेली मतपत्रिका आली आणि रंगीत तिकिटांचा खेळ संपला. सुधारणा मोठी, यात शंका नाही. पण दक्षिणेत निरक्षरास वगळण्याचे साधन म्हणूनही तिचा उपयोग झाला, हे विसरता येत नाही.

शतकाच्या अखेरीचे कागद विपुल आहेत आणि म्हणून आम्हांस त्यांचे आकर्षण कमी. १८९६ साली मॅकिन्ली याच्या बाजूने मार्क हॅना याने वीस कोटींहून अधिक पत्रके अनेक भाषांत छापून वाटली असे सांगतात; त्या वर्षी मते पडली सुमारे एक कोटी चाळीस लाख! त्याच वर्षी न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीचे सेल्युलॉइडचे बिल्ले निघाले. छापील कागदावर पारदर्शक पातळ पत्रा ओढून मागे टाचणी लावलेला हा बिल्ला आजतागायत चालू आहे.

आता ज्यांना हा छंद धरावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडे. नकली माल पुष्कळ आहे. १९७२ साली तर अमेरिकेत एका तेल कंपनीने जुन्या बिल्ल्यांच्या नकला ग्राहकांस वाटल्या. पुढल्याच वर्षी तेथे कायदा होऊन अशा नकलेवर ती तयार केल्याचे साल घालणे बंधनकारक झाले. पण ते साल खरवडून काढणारेही आहेत. कागदाची परीक्षा भिंगाने करावी. शिळाछापात रेषेस कणीदार पोत असतो. १८६०चे म्हणून दिलेल्या चित्रात हाफटोन ब्लॉकचे समान अंतरावरील ठिपके दिसले तर ते चित्र खास नंतरचे, कारण ती युक्ती १८८०च्या पुढे रूढ झाली. अतिनील प्रकाशात कागद निळा-पांढरा लखलखू लागला तर तो १९५०च्या सुमारानंतरचा समजावा. त्यात हल्लीची उजळविणारी द्रव्ये असतात. आणि गंमत अशी की, १८२८चा कागद चिंध्यांपासून केलेला असल्याने आजही मऊ आणि चिवट असतो, तर १८९०च्या सुमाराचा लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून बोटात चुरतो. चिकटपट्टी कधीही लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आम्लविरहित घडीत किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कागद सपाट ठेवावा. आपल्याकडील पावसाळा आणि कसर या दोन शत्रूंसाठी कपाट कोरडे ठेवावे. पोथीच्या रुमालात वेखंड घालण्याची आपल्या वडिलांची रीत येथेही उपयोगी पडते, मात्र वेखंड कागदास लागू देऊ नये.

पाहावयाचेच असेल तर अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना जागा जवळ आहेत. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे १८१२ साली आयझाया टॉमस या मुद्रकाने स्थापिलेली अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आहे. कॉर्नेल विद्यापीठात सुझन डग्लस यांचा सुमारे साडेपाच हजार वस्तूंचा संग्रह आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राल्फ बेकर यांचा संग्रह आहे. संग्राहकांची स्वतःची संघटना १९४५पासून चालू आहे. यांतील पुष्कळसे कागद आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात.

बाहेरच्या दालनात मेजावर आमच्याकडील अकरा कागद मांडले आहेत. बारावे पाकीट बंद आहे; ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आम्हांस सांगावे. अल्पोपाहार त्याच दालनात असल्याने एवढीच विनंती की, कागद आधी पाहावे आणि चिवडा नंतर घ्यावा.